मनोरीच्या खाडीत रबराचा मासा

कार्तिक वद्य षष्ठी. आमच्या घरात पंचांग देवघरापेक्षा माझ्याच जास्त कामी येतं. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईची भरती साधारण कळते, आणि पाऊणकीचा पाढा शाळेत नाही तरी गळाने मासे गरवायला लागल्यावर येतोच. सहा पाऊण साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला खाडी पूर्ण भरलेली, तिथून ओहोटी, आणि पावणेअकराच्या आसपास पाणी पार उतरलेलं. उधाण ओसरून गेलं होतं, भांग (सगळ्यात कमी भरती-ओहोटीचे दिवस) अजून लागायचा होता. पाण्याला ओढ हवी, पण शिसं तरंगत नेईल इतकी नको, अशा वेळी षष्ठी-सप्तमी बरी पडते. नेमका आकडा भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यायचाच, अर्ध्या तासाचा फरक पडतो.

दादरहून पाचच्या आतली स्लो पकडली. रॉड दोन तुकड्यांचा, प्लंबरकडून कापून आणलेल्या पाइपात घातलेला. लगेजच्या डब्यात तो उभा करून धरला की कोणी काही विचारत नाही, फार तर ‘नळाचं काम करता का’ एवढंच. मालाडला मावसभाऊ भेटला, तिथून रिक्षाने मार्वे आणि मार्वेहून बोटीने पलीकडे मनोरी. सुटे पैसे जवळ ठेवा. मार्वेच्या बाजूला आयएनएस हमला हे नौदलाचं ठाणं आहे, तिथे रॉड आणि कॅमेरा घेऊन रेंगाळू नका.

आता मुद्द्याचं. गेली दोन वर्षं मी अमेरिकेतल्या बासच्या मासेमारीचे व्हिडिओ बघून बघून रबराचे किडे आणि मासे जमवत होतो. बास हा तिकडचा गोड्या पाण्यातला मासा, आपल्या खाडीत तो कुठून येणार? पण त्याच्या सवयी जिताड्याशी, म्हणजे कोळीवाड्यातल्या खजुऱ्याशी फार जुळतात. दोघंही आडोशाला दबा धरतात, समोरून खाऊ गेला की मोठं तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतात. मऊ प्लास्टिकचा पहिला किडा निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये घरच्या शेगडीवर वितळवून साच्यात ओतला होता म्हणतात. तो बुडालेल्या झाडांत, वेलींत टाकता यावा म्हणून पुढे लोकांनी गळाचं टोकच प्लास्टिकच्या आत लपवायला सुरुवात केली. त्याला टेक्सास रिग म्हणतात. आपल्याकडे बुडालेली झाडं नाहीत, पण तिवरांची मुळं आहेत, जुने खुंट आहेत आणि दगडांना चिकटलेली कालवं आहेत. अडकायच्या बाबतीत आपली खाडी टेक्सासला हार जाणार नाही.

धक्क्यापासून खाडीच्या आतल्या अंगाला वीस-पंचवीस मिनिटं चाललो. तिवरांतून एक ओहळ खाडीला मिळतो, त्याचं तोंड गाठलं. ओहोटीला तिवरांतलं पाणी अशा तोंडांतून बाहेर पडतं आणि त्याच्याबरोबर कोलंबी, बोयटाची (बोय माशाची) पिल्लं नाइलाजाने बाहेर येतात. जिताडा तिथेच, गढूळ आणि निवळ पाण्याच्या रेघेवर, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. पूर्ण भरतीला तो तिवरांच्या आत शिरतो, तेव्हा बाहेरून कितीही फेका. म्हणून ओहोटीचे शेवटचे तीन तास आणि भरतीचा पहिला तास. बाकीच्या वेळेत वडापाव खावा.

पहिल्या अर्ध्या तासात मी चार जिग हेड (शिशाचं डोकं असलेले गळ) घालवले. चौदा ग्रॅमचं शिसं, उघडा गळ, पाच इंची शॅड म्हणजे रबराचा मासा. फेकलं, तळाला लागलं, दोन झटके दिले की कालवात अडकलंच. लीडर (दोऱ्याच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा) तोडायचा, पुन्हा बांधायचा. शेजारी एक कोळी काका पाग (फेकायचं जाळं) टाकून बोय धरत होते. चौथा तुटल्यावर म्हणाले, “रबराचा मासा खाऊन खजुऱ्याचं पोट भरत नाय, पण तुमचा खिसा रिकामा होतोय खरा.” मावसभाऊ एवढा हसला की त्याची चप्पल गाळात राहिली. हे आधीच सांगतो: चप्पल घालून जाऊ नका. जुने नाडीचे बूट, घट्ट बांधलेले. गाळ पोटरीपर्यंत येतो आणि गाळात कालवाची शिंपली उभी असते, ती तळवा सरळ कापते.

मग टेक्सासवर आलो. कसं ओवायचं ते नीट सांगतो, कारण मी स्वतः वर्षभर चुकीचं ओवत होतो आणि दोष रंगाला देत होतो.

आधी लीडरमध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं ओवा, टोकाची बाजू रॉडकडे. मग ऑफसेट गळ बांधा, म्हणजे ज्याच्या मानेला पायरीसारखी मोड असते तो. चार इंची शॅडला ३/० किंवा ४/० पुरतो. गळाचं पोट शॅडच्या जाडीपेक्षा चांगलं मोठं हवं, नाहीतर मासा चावल्यावर दबलेल्या प्लास्टिकला जायला जागाच उरत नाही आणि टोक बाहेर येत नाही. आता गळाचं टोक शॅडच्या नाकातून अर्धा सेंटिमीटर आत घालून हनुवटीखालून बाहेर काढा. शॅड गळावरून वर सरकवत न्या, नाक मानेच्या मोडीवर चढेपर्यंत. गळ अर्धा फिरवा, टोक शॅडच्या पोटाकडे बघायला हवं. इथे थांबा. लोक इथेच घाई करतात. शॅड मोकळी लोंबू द्या, गळ तिच्या बाजूला नुसता टेकवून बघा, आणि गळाचा बाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा. त्या खुणेतून टोक सरळ आरपार पाठीवर काढा. शेवटी पाठीची कातडी जरा पुढे ओढून टोक तिच्याखाली जेमतेम लपवा. बोट फिरवलं तर टोक लागू नये, दाबलं तर टोचावं.

मग शॅड डोळ्यांसमोर धरून बघा. पाठीला बाक आला असेल, एका अंगाला सुरकुती पडली असेल, तर काढून पुन्हा ओवा. पायाजवळच्या पाण्यात दीड-दोन हात ओढून बघा. शेपटी थडथडत सरळ यायला हवी. ती स्वतःभोवती गिरक्या घेत आली तर जिताडा तिला हात लावत नाही (तोंड म्हणा हवं तर) आणि दोराही पिळून गाठी बसतात. माझ्या पहिल्या दोन तश्शाच आल्या होत्या. गाळाने माखलेल्या बोटांनी घाई केली की हेच होतं, म्हणून कमरेला ओलं फडकं लावा.

शिसं लीडरवर मोकळं पळत असेल तर ते मुळांच्या एका बाजूला आणि शॅड दुसऱ्या बाजूला जाते. शिशाच्या भोकात टूथपिक खुपसून उरलेली मोडून टाकायची, शिसं जागच्या जागी बसतं. वजन सात ग्रॅम. ओढ वाढली की दहा. तळ लागल्याचं बोटाला कळेल इतकंच वजन हवं. जड शिसं मासा देत नाही, फक्त लवकर अडकतं.

निवडीबद्दल लोक रंगावरून हमरीतुमरीवर येतात. माझ्या डब्यात अकरा रंग आहेत, कामाला दोन येतात: मोतिया पांढरा आणि काळपट. पावसाळ्यानंतर खाडी चहासारखी असते, त्यात माशाला रंगापेक्षा थरथर आधी कळते. म्हणून वल्ह्यासारख्या रुंद शेपटीची शॅड घ्या. बासवाले ज्या सरळसोट, मीठ भरलेल्या काडीसारख्या किड्यांची तारीफ करतात, ते संथ तळ्यात हळू हळू डुलत खाली जातात म्हणून चालतात. आपल्या ओढीच्या पाण्यात त्यांचं डुलणं दिसायला वेळच मिळत नाही. माझी दोन पाकिटं तशीच पडून आहेत, कोणाला हवी असतील तर घ्या.

आणि सगळी प्लास्टिकं एका डब्यात ठेवू नका. नेहमीचं मऊ प्लास्टिक एक जातीचं, ताणलं तरी न तुटणारं आणि पाण्यावर तरंगणारं दुसऱ्या जातीचं. ही दोन एकमेकांना लागली की विरघळतात. मी मे महिन्यात दोन्ही एका डब्यात भरून गॅलरीत ठेवली होती, जूनमध्ये डबा उघडला तर आत चिक्की. ज्याचं त्याचं पाकीट ज्याला त्याला.

पावणेनऊच्या सुमारास तोंडापलीकडच्या खुंटाजवळ फेकलं. शॅड तळाला जाऊ दिली, रॉड हळूच उचलला, पुन्हा सोडला. दुसऱ्यांदा सोडताना दोरा बाजूला सरकला. झटका वगैरे काही नाही, नुसता सरकला. गळ लपवलेला असतो तेव्हा मनगटाने टिचकी मारून भागत नाही. आधी ढील गुंडाळून घ्यायची, मग रॉड आडवा जोरात ओढायचा, टोक प्लास्टिक फोडून तोंडात रुतलं पाहिजे. रुतलं. मासा सरळ खुंटाकडे धावला, मग पाण्याबाहेर उसळून डोकं झाडू लागला. उसळी मारली की रॉड खाली करून थोडी ढील द्या, ताठ धराल तर गळ उडून जातो. दीड हाताचा जिताडा. डोळा सोनेरी, पाठ हिरवट काळी. कल्ल्यात बोट घालू नका, कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. माझा चाळीस पौंडी लीडर तिथे खरवडून दोऱ्यासारखा झाला होता. वीस पौंडी ब्रेडला (विणलेल्या दोऱ्याला) असा जाड लीडर हात-दोन हात लांब लावल्याशिवाय या खाडीत उतरू नये.

हा जिताडा घरी आला. याच्या दुप्पट असता तर सोडला असता: जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे मासे म्हणजेच अंड्यांच्या माद्या. घरी मात्र हे शास्त्र कोणी ऐकून घेत नाही.

त्यानंतर एक वीतभर तांबोशी लागली, ती सोडली. मग आले केंड, म्हणजे ते फुगणारे मासे. कच्च, आणि शेपटी गायब. केंडाचे दात सुरीसारखे, दहा मिनिटांत तीन शॅड लांड्या झाल्या. केंड लागले की जागा बदला, रंग बदलून उपयोग नाही. लांडी शॅड मात्र फेकू नका, खाडीत तर अजिबात नाही. पुढचं दोन इंचांचं धड कापून पाच ग्रॅमच्या छोट्या जिग हेडवर लावा आणि वाळूच्या मोकळ्या तळावर ओढा. बासवाले याला नेड रिग म्हणतात. मावसभावाने त्यावर एक करकरा काढला आणि दिवसभर तो मला त्याचं वजन सांगत होता.

दोन गोष्टी सांभाळा. खाडीत डोल आणि बोक्शी ही खुंटांना बांधलेली जाळी लावलेली असतात, खुंटांची रांग दिसली की तिच्या ओढीच्या खालच्या बाजूला फेकू नका. तुमचा गळ जाळ्यात गेला तर नुकसान त्या माणसाचं आहे. तिवरांच्या फांद्या तोडून वाट करू नका, अडकलेला गळ सोडवायलाही नाही. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिवरं तोडणं अंगाशी येतं, आणि तसंही, तिवरं गेली की बोय गेली.

अकराला भरती फिरली. पाणी ओहळात आतल्या अंगाला धावू लागलं आणि ज्या गाळावरून आलो होतो तो बघता बघता बुडायला लागला. इथे ‘एक शेवटचं फेकतो’ करू नका. आम्ही केलं आणि गुडघाभर पाण्यातून, रॉड डोक्यावर धरून परतलो.

धक्क्यावर काका आधीच येऊन बसले होते. त्यांच्या पाटीत माझ्या जिताड्याहून मोठे दोन खजुरे होते, जिवंत बोयटावर घेतलेले. माझी शॅड हातात घेऊन त्यांनी शेपटी दोन-तीनदा टिचकीने हलवली, गळाचं टोक कातडीखाली कुठे लपलंय ते अंगठ्याने चाचपलं. “कितीला?” मी निम्मी किंमत सांगितली. तरी ते हसले.