ब्रेक घासत नव्हता

सरचूच्या तंबूंतून सकाळी साडेसहाला निघालो आणि पहिल्या दोन किलोमीटरांतच काका थांबले. "मागचा ब्रेक घासतोय रे. कुणीतरी मागून ओढतंय असं वाटतंय."

मनाली ते लेह, चौदा सायकलस्वार, गेल्या वर्षीचा जुलै. मी त्यांचा मेकॅनिक आणि स्वीप, म्हणजे सगळ्यात मागचा. मेकॅनिकचं काम पंक्चर काढणं, असं लोकांना वाटतं. सबंध टूरमध्ये पंक्चर झाले पाच. खरं काम पहाटे, माणसं चहा पीत असतात तेव्हा. चौदा चेन पुसायच्या, गिअर बदलणारे चौदा डिरेलर बघायचे, आऱ्यांवरून बोट फिरवून सैल आरा आवाजावरून ओळखायचा. आणि दिवसभर शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, तेही त्याच्यावर दडपण येणार नाही इतक्या अंतराने. त्या दिवशी शेवटचे काका होते. याआधीच्या सहा दिवसांत ते कधीच शेवटी नव्हते. हे वाक्य मी आज लिहितोय. त्या सकाळी मनात आलं नाही.

ब्रेकवर माझा विश्वास बसायला कारण होतं. दिल्लीहून मनालीला येताना बसच्या डिकीत कुणीतरी काकांच्या सायकलवर जड बॅग टाकली होती आणि मागचा रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, वाकला होता. मनालीत खाच असलेल्या पट्टीने तो मीच सरळ केला होता. एकदा वाकलेला रोटर पुन्हा त्रास देऊ शकतो. म्हणून सायकल उलटी केली आणि चाक फिरवलं. घासण्याचा आवाज नाही. कॅलिपरमागे, म्हणजे चकती पकडणाऱ्या चिमट्यामागे, पांढरा कागद धरला. रोटरच्या दोन्ही बाजूंनी सारखी उजेडाची रेघ दिसली की ब्रेक ठीक. रेघ अगदी सारखी होती. तरी समाधानासाठी कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल केले, लिव्हर दाबून धरला आणि आळीपाळीने थोडेथोडे आवळले. काका शेजारी दगडावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून काम करत होतो.

सरचूपासून गाटा लूप्सच्या पायथ्यापर्यंतचे चोवीसेक किलोमीटर या सबंध रस्त्यातले सगळ्यात सोपे. डावी-उजवीकडे मातकट डोंगर, मध्ये टेबलासारखं सपाट पठार, आणि त्याच्या कडेला त्साराप नदीने सरळ खाली कापलेली घळ. झाड एक नाही. इथे पाऊस इतका कमी की नदी शेजारून वाहते आणि रस्त्यावर धूळ घोट्यापर्यंत. हीच त्साराप पुढे पदुमला दोडा नदीला मिळते, तिथून तिचं नाव झंस्कार, आणि निम्मूला ती सिंधूत जाते. हे मी प्रत्येक गटाला सांगतो. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. एरवी दहा प्रश्न विचारणारा माणूस.

सपाटीवर त्यांना सव्वातीन तास लागले. पुण्याजवळचा बोपदेव घाट आठवड्यातून तीनदा चढणाऱ्या माणसाला.

गाटा लूप्स म्हणजे एकवीस वळणं. नवव्या वळणावर पुन्हा तेच, "घासतोय." या वेळी चाकच काढलं. हबचं बेअरिंग बोटाने फिरवून बघितलं. पॅड काढले, त्यांच्यावर धूळ साचून चकाकी आली होती, म्हणून सँडपेपरने घासले. पिस्टन मागे ढकलले. माझ्या पिशवीत नवे पॅड होते, तेच बसवले. चाळीस मिनिटं गेली. उन्हात हात भाजत होते आणि सावलीत गारठत होते. कॅलिपर जुळवताना माझा हात कापत नाही याचा मला अभिमान आहे, तो त्या दिवशीही कापला नाही. काम चोख झालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख आणि सगळ्यात निरुपयोगी काम.

नकी ला या खिंडीत पोचायला पावणेदोन वाजले. उंची सुमारे 4,740 मीटर. तिथून थोडा उतार आहे, व्हिस्की नाल्यापर्यंत. उतारावर काका व्यवस्थित आले, ब्रेकची तक्रार नाही. घासणारा ब्रेक उतारावर बरा होत नाही, एवढं तर शिकाऊ पोरालाही कळतं. मला कळायला पुढचा चढ लागला. लाचुलुंग लाचा चढ सुरू होताच ते पुन्हा उतरले, आणि मी कंटाळून म्हणालो, "काका, तुम्ही माझी घ्या, मी तुमची चालवतो." या रस्त्यावर ओढे ओलांडावे लागतात म्हणून सगळ्यांना साधे, बूट न अडकणारे पेडल लावायला मी आधीच सांगतो, त्यामुळे अदलाबदल सोपी होती. त्यांची सायकल माझ्या पायाखाली लोण्यासारखी चालली. शंभर मीटरवर काका माझ्या सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "तुझाही ब्रेक घासतोय."

दुकानात आम्ही हेच करतो. दोष कुठे आहे कळत नसेल तर भाग बदलून बघायचा. दोष भागाबरोबर गेला तर भाग खराब. इथे दोष माणसाबरोबर गेला होता.

तेव्हा मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ओठ जांभळट. वाक्याच्या मध्येच श्वास तुटत होता. घड्याळ लावून मोजला: बसलेल्या माणसाचा मिनिटाला छत्तीस. त्यांचे हात माझ्या जॅकेटमध्ये घालून गरम केले आणि मग ऑक्सिमीटर लावला, कारण गार बोटावर यंत्र खोटं बोलतं. आकडा 64. त्या उंचीवर आमच्या बाकीच्या मंडळींचे आकडे ऐंशीच्या आसपास येत होते. पाठीला कान लावला तर खाली बारीक चुरचुर ऐकू आली. फुप्फुसात पाणी, उंचीवरच्या विरळ हवेत होणारा आजार. या आजाराची पहिली खूण अनेकदा डोकेदुखी नसते. चढावर दम संपतो, पायांत जोर राहत नाही, आणि माणूस सायकलला दोष देतो.

खाली उतरवा, हा यावरचा पहिला इलाज. पुण्यात बसून ते सोपं वाटतं. व्हिस्की नाला हा खळगा आहे. मागे नकी ला ओलांडून सरचू गाठावं, तर तेही सुमारे 4,290 मीटरवर, आणि तिथून खरोखर खाली जायचं तर बारालाचा ला ओलांडावी लागते, 4,890 च्या जवळपास. पुढे लाचुलुंग ला, 5,065. तिच्यापलीकडे पांग, सुमारे 4,600, पण तिथे सैन्याचा तळ आहे, डॉक्टर आहे, ऑक्सिजन आहे. आमचा सिलिंडर स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये होता. ट्रक सकाळीच पुढे गेला होता, कारण दुपारी चारला पोचणाऱ्यांना गरम सूप मिळालं पाहिजे. सिलिंडर शेवटच्या माणसाबरोबर हवा, हे मी निघण्याआधी दोनदा बोललो होतो. तिसऱ्यांदा बोललो नाही. मोबाइलला नेटवर्क नाही.

लेहकडे जाणारी एक टॅक्सी थांबली. चालक लडाखी, पंचविशीचा मुलगा. मी "जुले", म्हणजे लडाखी नमस्कार, म्हणून बोलायला सुरुवात करेपर्यंत त्याने काकांच्या ओठांकडे बघितलं होतं. मागच्या सीटवरच्या जोडप्याला त्याने पुढे सरकवलं आणि डॅशबोर्डमधून ऑक्सिजनचा छोटा फवारा काढला. "ये पाँच मिनट चलेगा बस. ला के ऊपर देना." मी तसंच केलं. सायकली रस्त्याकडेला दगडांमागे टाकल्या. त्याने पैसे घेतले नाहीत. पर्यटनाच्या दिवसांत ज्या चालकांना आपण वेडीवाकडी गाडी चालवतात म्हणून शिव्या देतो, त्यांच्यातला एक. हे इथे नोंदवून ठेवतो.

खिंडीच्या माथ्यावर काका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसले होते आणि मी दर मिनिटाला आकडा बघत होतो. 58. फवारा दिला, 66. पुन्हा 60. मी वर नेतोय की मारतोय, हे मला त्या वीस मिनिटांत ठरवता येत नव्हतं. आजही पूर्ण ठरवता येत नाही.

पांगला लष्करी डॉक्टरांनी मास्क लावला आणि पंधरा मिनिटांत ओठांचा रंग बदलला. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनसह तांगलांग ला ओलांडून लेह, सुमारे 3,500 मीटर, आणि तीन दिवस रुग्णालय. काका बरे झाले.

तंबूतल्या त्यांच्या जोडीदाराने नंतर सांगितलं की ते दोन रात्री खोकत होते. "धुळीचं आहे, सांगू नकोस, टेम्पोत बसवतील" असं म्हणाले होते. सपोर्ट गाडीत बसणं ही आपल्याकडे नामुष्की झाली आहे. शेवटच्या फोटोत सगळे खांदे उंचावून उभे असतात, आणि गाडीत बसलेला माणूस त्या फोटोच्या कडेला उभा राहतो. ही सवय गटातल्या सगळ्यांनी मिळून लावली आहे, मीही त्यात आहे. दुसरं, आमचं वेळापत्रक रजेवरून बेतलेलं होतं. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशेच्या आत वाढवावी असं डॉक्टर सांगतात. आम्ही जिस्पाच्या 3,200 वरून एका दिवसात झिंगझिंगबारच्या 4,270 वर गेलो, कारण रविवारी लोकांना परत घर गाठायचं होतं. शरीराला रविवार कळत नाही. आयोजकांना हे मी लिहून दिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

पण रात्री जाग आली की आठवतो तो नववा वळणवेढा. चाळीस मिनिटं मी चाकाला कान लावून बसलो होतो. ज्याचा आवाज ऐकायचा तो माणूस दोन हातांवर दगडावर टेकून बसला होता.

गेल्या आठवड्यात काका दुकानात आले. पुढच्या जूनमध्ये स्पितीला यायचं म्हणाले, मी हो म्हटलेलं नाही. मग म्हणाले, "पण त्या दिवशी ब्रेक घासत होता हे तू मान्य कर." मी त्यांची सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक फिरवलं आणि हात काढून घेतला. दोघंही उभे राहून बघत होतो. चाक बराच वेळ फिरत राहिलं, शेवटी व्हॉल्व्हच्या वजनाने थोडं मागे येऊन थांबलं.

"आत्ता नाही घासत," ते म्हणाले.