नाचणारी बाई नाटक कशी बसवते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कथकचा कार्यक्रम संपला की कुणीतरी हा प्रश्न काढतंच. त्यात थोडी शंका असते, आणि ती अगदीच गैर नाही. वाक्य कुठे तोडायचं, स्वर कुठे खाली आणायचा, हे घुंगरांनी मला शिकवलेलं नाही.

उत्तर देताना मला अमेरिकी नृत्यरचनाकार आणि दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स आठवतो. जन्म न्यूयॉर्कचा, १९१८चा. 'बॅले थिएटर' या नृत्यसंस्थेत नर्तक होता. १९४४मध्ये त्याने पहिला बॅले बसवला, 'फॅन्सी फ्री'. विषय एवढाच, की तीन खलाशी सुट्टीवर शहरात आलेत. पण त्या तिघांची चाल वेगळी, पोरींवर छाप पाडायची तऱ्हा वेगळी. म्हणजे पात्रं उभी करणं तिथेच सुरू झालं होतं. कमी होता तो फक्त नाटककार.

१९५७च्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीत नाटकाचं दिग्दर्शनही त्याचंच. सुरुवातीच्या प्रसंगाला आधी शब्द होते. ते काढून टाकले. दोन टोळ्यांचं वैर चुटक्यांतून, चालीतून, कोण कुणाच्या अंगावर जातो त्यातून कळतं. तालमींच्या काळात तर त्या टोळ्यांतल्या नटांनी एकमेकांत मिसळायचंही नाही, असा त्याचा दंडक.

मला त्याहून मोठी वाटते त्यानेच बसवलेल्या १९६४च्या 'फिडलर ऑन द रूफ' या संगीत नाटकाची गोष्ट. लेखकांना तो पुन:पुन्हा विचारायचा, हे नाटक आहे कशाबद्दल? दूधवाला आणि त्याच्या मुलींची लग्नं, हे उत्तर त्याला पुरेना. परंपरा मोडत चालल्याबद्दल आहे, हे हाती लागलं तेव्हा सुरुवातीचं गाणं आलं, आणि अख्ख्या गावाचं रिंगण. शेवटी गाव उठवलं जातं तेव्हा ते रिंगण सुटतं. हा विचार मला नर्तकाचा वाटतो, आणि तेच दिग्दर्शन.

माणूस म्हणून तो आदर्श नव्हे. तालमीत लोकांना घालून-पाडून बोलायचा. १९५३मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याने सहकाऱ्यांची नावं घेतली. गुणी होता म्हणून हे पोटात घालायला मी तयार नाही.

"तिकडचं ठीक आहे हो," असं कुणी म्हणालं की मी १९७२च्या 'घाशीराम कोतवाल'कडे बोट दाखवते. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. रांगेत उभ्या ब्राह्मणांची ती माणसांची भिंत वजा करा आणि काय उरतं ते बघा. डुलते, गाते, पाठ फिरवली की पडदा होते, घडलेलं झाकून टाकते. संहितेतलं राजकारण तिथे पावलांत उतरलंय.

मी तालमीत एवढंच करते: प्रसंग एकदा बिनसंवादाचा करायला लावते. कोण कुणाला टाळतोय ते दिसलं नाही, तर शब्द कितीही चोख असोत, प्रसंग अजून बसलेला नाही. वाचिकासाठी, म्हणजे संवाद बोलण्यासाठी, मात्र एका अनुभवी नटाला शेजारी बसवते. 'वेस्ट साइड स्टोरी'त रॉबिन्सजवळही शब्दांसाठी लेखक लॉरेन्ट्स आणि गीतकार सॉन्डहाइम होतेच की!