सर्टिफिकेटवरचा दुसरा शब्द

माझं जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा, झालं २००९ साली. नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट हातात आलं आणि बाबांनी त्याच संध्याकाळी ते लॅमिनेट करून आणलं. त्यावर नर्स आणि मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, असे दोन्ही शब्द होते. पहिल्या शब्दावर पुढची बारा वर्षं घर चाललं. दुसऱ्याकडे लक्ष गेलं ते इंग्लंडला जायचा फॉर्म भरताना.

तिकडे नर्स आणि मिडवाइफ या दोघींची नोंद ठेवणारी संस्था एकच, नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे सगळे म्हणतात ते एनएमसी. पण रजिस्टरचे भाग वेगळे. नर्सचा एक, त्यातही अ‍ॅडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थ आणि लर्निंग डिसॅबिलिटी अशा शाखा, मिडवाइफचा दुसरा. मी भाबडेपणानं एजन्सीतल्या मॅडमना विचारलं, "दोन्हीकडे अर्ज करू ना? माझ्याकडे दोन्ही आहे."

"सिस्टर, अ‍ॅडल्ट नर्स टाका आणि पुढे चला," त्या म्हणाल्या. "तिकडे मिडवाइफ व्हायला तीन वर्षांची वेगळी डिग्री करतात. तिची परीक्षाही वेगळी असते."

मी अ‍ॅडल्ट नर्स टाकलं. केसबुकचं, म्हणजे शिकताना केलेल्या बाळंतपणांच्या नोंदवहीचं, मात्र आठवलं. २० नॉर्मल डिलिव्हरी स्वतः केल्याशिवाय आमच्या ट्यूटर मॅडम सही करत नसत. विसावी मिळेना म्हणून मी दोन नाइट लेबर रूमच्या बाकावर काढल्या होत्या.

खरी अडचण वेगळीच निघाली. तुमच्या देशातल्या कौन्सिलनं 'ही बाई आमच्याकडे नोंदलेली आहे आणि तिच्याविरुद्ध काही नाही' असं थेट एनएमसीला कळवावं लागतं. तुम्ही स्वतः सर्टिफिकेट पाठवून भागत नाही. तेव्हा कुठे मी ते लॅमिनेट केलेलं कागदपत्र नीट वाचलं. आपल्याकडे नोंदणी ५ वर्षांची असते, मग रिन्यू करायची. माझी मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती! या दोन वर्षांत मी कोविडच्या वॉर्डात पीपीई किट घालून ड्यूट्या केल्या होत्या आणि कागदावर माझी नोंदणी संपलेली होती. ज्या हॉस्पिटलात नोकरी करत होते तिथे कुणीही कधी विचारलं नाही. पण दोष त्यांच्यावर ढकलायला नको, मुदत माझीच होती आणि तारीख माझ्याच फाइलीत होती.

रिन्यूअलला गेले तर नावाचा गोंधळ. कॉलेजच्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव, आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव, आणि माझं नाव व नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात जोडून. आधारवर पुन्हा तिसरीच तऱ्हा, आडनावात एक अक्षर जास्त. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, प्रतिज्ञापत्र, विलंब शुल्क. हे सगळं जुळवायला साडेचार महिने गेले. जी कुणी हे वाचून अर्ज करणार असेल तिला एवढंच सांगते, इंग्रजीचा क्लास लावायच्या आधी तुमची सगळी कागदपत्रं टेबलावर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर लावून वाचा. आणि कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका.

इंग्रजीबद्दल यूट्यूबवर ढीगभर सांगणारे आहेत, त्यामुळे थोडक्यात. आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. पहिल्या वेळी माझे बाकी सगळे आले, लिहिण्यात ६ वर अडकले. दुसऱ्या वेळी लिहिण्यात ६.५ आले तर बोलण्यात ६.५ वर घसरले. रडायच्या बेतात होते, तेवढ्यात कळलं की दोन परीक्षांचे गुण जोडता येतात. तेव्हा दोन्हींत ६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नव्हतं, आता १२ महिन्यांची सवलत आहे. सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, मला सोपी गेली. पहिल्या भागात औषधांच्या डोसची १५ गणितं, दुसऱ्यात १०० प्रश्न. ड्रिपचे थेंब मोजण्यात आयुष्य गेलेलं, गणितं चुकायचं कारण नव्हतं. दुसऱ्या भागात मात्र पेशंटची संमती आणि गोपनीयता यांवरच्या प्रश्नांशी थांबावं लागलं. आपल्याकडे पेशंटचा मुलगा विचारतो आणि आपण सांगतो. तिथे उत्तर असं की आधी पेशंटला विचारा, मुलाला सांगू का?

जून २०२२ मध्ये मी इंग्लंडला पोचले. हॉस्पिटल चांगलं होतं, राहायची सोय केलेली, केरळच्या दोघी जणी सोबतीला. पण पिन नव्हता. पिन म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, आणि तो मिळेपर्यंत तुम्ही तिथे नर्स नाही. युनिफॉर्मचा रंग वेगळा. पेशंटला अंघोळ घाला, जेवण भरवा, बीपी-टेंपरेचर लिहा. औषधाला हात लावायचा नाही. आयसीयूत व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळलेली मी एका आजींना पॅरासिटामॉलची गोळी देऊ शकत नव्हते. आजी म्हणायच्या, "तू इथेच उभी आहेस, मग देत का नाहीस?" काय सांगणार. पहिले पंधरा दिवस अपमान वाटला, मग सवय झाली, मग परीक्षेची भीती इतकी बसली की अपमानाला जागाच राहिली नाही.

ती परीक्षा म्हणजे ऑस्की, हातानं करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. नोकरी सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत पहिल्यांदा द्यावीच लागते. एकूण १० स्टेशनं. चार स्टेशनांत एकाच पेशंटची गोष्ट पुढे सरकते, तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. चार स्टेशनांत हातानं करायची कामं. दोन स्टेशनं बिनबोलायची, तिथे फक्त लिहायचं. प्रत्येक स्टेशनवर परीक्षक कोपऱ्यात यादी घेऊन बसलेला. काही पेशंट नाटकातले, काही प्लास्टिकचे.

माझं कुठे चुकलं ते जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या बहुतेक जणी तिथेच चुकतात. स्टेशन इंजेक्शनचं होतं. मी हात धुतले, ट्रे पुसला, औषधाची मुदत पाहिली, चार्ट पाहिला. पुतळ्याला नमस्कार केला, नाव विचारलं, परवानगी घेतली. सुई टोचली, नीट टोचली, हात जराही हलला नाही. बाहेर आले तेव्हा वाटलं, बाकी कुठे जावो, हे स्टेशन आपलं. निकालात नेमकं तेवढंच नापास.

प्रशिक्षण देणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "करून दाखव बरं पुन्हा." मी करून दाखवलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "मनगटाकडे पाहिलंस?"

पुतळ्याच्या मनगटावर पट्टी होती. नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल नंबर. मी जन्मतारीख विचारलीच नव्हती आणि पट्टी चार्टशी ताडलीच नव्हती. बारा वर्षं मी 'सात नंबरचं इंजेक्शन', 'बाराला सलाइन' असं काम केलेलं. पन्नास पेशंट आणि दोन सिस्टर असल्या की बेड नंबर हेच नाव होतं. आणि एकदा, मीच, बेड बदललेल्या पेशंटला शेजारच्याची गोळी देता देता वाचले होते, त्या बाईच म्हणाल्या, "सिस्टर, ही माझी नाही, माझी पिवळी असते." ते आठवलं आणि त्या खोलीत घाम फुटला.

पुढचे तीन आठवडे मी भिंतीशी, उशीशी, फ्रिजशी बोलत होते. पूर्ण नाव सांगाल का, जन्मतारीख सांगाल का, कसली अ‍ॅलर्जी आहे का, मनगट दाखवता का? रूममेट वैतागून म्हणाली, चहाला पण विचारतेस का अ‍ॅलर्जी. पूर्ण परीक्षेची फी ७९४ पाउंड, ती हॉस्पिटलनं भरली होती. राहिलेलं स्टेशन पुन्हा द्यायचे ३९७, ते माझे गेले. दुसऱ्या वेळी पास झाले.

मग नोंदणीची १५३ पाउंड फी आणि काही दिवसांत पिन. त्या क्रमांकातही गंमत आहे. पहिले दोन आकडे वर्षाचे, मग महिन्याचं अक्षर, मग चार आकडे, शेवटी कुठे शिकलात त्याचं अक्षर. माझ्या पिनमध्ये २२ नंतर J हे अक्षर आहे, म्हणजे ऑक्टोबर, आणि शेवटी O, म्हणजे बाहेरच्या देशातून. मी लगेच एनएमसीच्या रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव शोधलं. हे रजिस्टर कुणालाही उघडता येतं, पेशंटलाही. नाव आणि पुढे नोंद: अ‍ॅडल्ट नर्स. नावातला मधला शब्द नवऱ्याचा, त्यामुळे वॉर्डात सुरुवातीला दोघी-तिघी मला त्याच्याच नावानं हाक मारायच्या. घरी फोनवर सांगितलं तर नवरा दोन मिनिटं हसत होता.

एक गोष्ट मला तिथेच गेल्यावर कळली. तिकडे नुसत्या 'नर्स' या शब्दाला कायद्याचं संरक्षण नाही, 'रजिस्टर्ड नर्स'ला आहे. मिडवाइफचं तसं नाही. तो शब्दही राखीव आणि कामही राखीव. बाळंतपण करणं हे नोंदलेल्या मिडवाइफचं किंवा डॉक्टरचं काम, अचानक वेळ आली तर गोष्ट वेगळी, एरवी दुसऱ्या कुणी केलं तर तो गुन्हा. त्यांच्याकडे मिडवाइफचा कायदा झाला १९०२ साली आणि नर्सच्या नोंदणीचा १९१९ साली. सुईणीला आधी मान मिळाला, नर्सला सतरा वर्षांनी. आपल्याकडे अलीकडे, २०१८ पासून, मिडवाइफ वेगळी घडवायचं काम सुरू झालंय आणि २०२३ च्या नव्या कायद्याच्या नावातही दोन्ही शब्द आहेत. माझ्या सर्टिफिकेटवर मात्र ते जोडीनं, एका फीमध्ये आले होते.

दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या मेडिकल वॉर्डात एक मुलगी आली, पायात रक्ताची गाठ आणि अठ्ठावीस आठवड्यांचा गर्भ. रात्री दोनला बेल वाजली. "बाळ हलत नाहीये असं वाटतंय." तिच्याशी बोलता बोलता माझा हात आपोआप तिच्या पोटाकडे गेला. बाळाची पाठ कुठे, डोकं कुठे हे बोटं विसरलेली नसतात. पण हात टेकवायच्या आधी मी थांबले. इथे मी मिडवाइफ नाही. हाताला काही लागलं असतं तर मी तिला काय सांगणार होते, आणि नसतं लागलं तर? फोन केला. दहा मिनिटांत मिडवाइफ आली, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान, खिशात डॉपलर, बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र. ठोके ऐकू आले, एकशे चाळीसच्या आसपास. ती मुलगी रडायला लागली. मी तिचा हात धरून उभी होते, ते माझ्या नोंदणीत बसत होतं.

गेल्या वर्षी माझं पहिलं रिव्हॅलिडेशन, म्हणजे एनएमसीची नोंदणी टिकवायची फेरतपासणी, झालं. दर ३ वर्षांनी ४५० तास काम, ३५ तास शिक्षण, त्यातले २० इतरांबरोबर बसून, कामाबद्दलचे पाच अभिप्राय आणि स्वतःच्या कामावर पाच छोटी टिपणं, असा हिशेब द्यावा लागतो. नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंद ठेवायची तर ९०० तास. सुरुवातीला हे सगळं मला कारकुनी वाटलं होतं, आणि तीन टिपणं मी खरंच उरकायची म्हणून उरकली. चौथं त्या रात्रीबद्दल लिहिलं. चर्चेच्या वेळी आमच्या सीनियर सिस्टरनी ते वाचून विचारलं, "तू बाळंतपणं केली आहेस? किती?"

"केसबुकात वीस," मी म्हटलं. "नंतर मोजली नाहीत."

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग सही केली आणि म्हणाल्या, थांबलीस ते बरोबर केलंस. मला ते पटतं. तरीही घरी येताना बसमध्ये वाईट वाटलं, ते वाटलंच.

आता महाराष्ट्रातल्या नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलंय. नवरा म्हणतो, "परत कधी येणार, कशाला भरतेस?" मी त्याला सांगितलं, या वेळी मुदत चुकवायची नाही. फाइल काढलीय. सर्टिफिकेट स्कॅन करायला ठेवलं तर लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते आणि नेमका मधला भाग पांढरा येतो. तीनदा केलं. उद्या लेकीला सांगते, ती फोनवरून बरोबर काढते.