ओळ चढते

मंगळवार, रात्री

गेल्या आठवड्यापासून वहीला हात लावलेला नाही. आज जेवणं आटपल्यावर बसले, पेन उघडलं, एक रेघ ओढली आणि टोपण लावून टाकलं. कारण मी रेघेकडे बघितलं. रेघेकडे कोणी बघतं का? ओढायची आणि पुढे जायचं.

चिनूने फोटो टाकला याचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो चिनूवरचा नेहमीचाच, त्याचं काही विशेष नाही. वही ओट्याजवळ उघडी होती, त्याला ‘भारी’ वाटली, त्याने घरच्या ग्रुपवर टाकली. ‘आईची मोडी!!’ खाली टाळ्या, नमस्कार, फुलं. वन्संचं ‘अभिमान आहे’. इथवर ठीकच होतं. कोणाला काय कळतंय त्यातलं! मोडीचं हेच तर सुख, उघड्यावर पडली तरी झाकलेली. आणि मग रात्री साडेदहाला अण्णा आले. अण्णा ग्रुपवर येतात ते एरवी कोणी गेलं तरच.

‘ओळ चढते. बाकी बरे.’

त्यावर लगेच वन्सं. ‘अय्या अण्णा, तुम्हाला वाचता येतं? काय लिहिलंय हो तिने?’

मी अंथरुणात ताडकन उठून बसले. कारण त्या पानावर, तिसऱ्या ओळीपासून पुढे, वन्संच होत्या. अण्णा टाइप करतायत असं दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. शेवटी आलं, ‘भाजीची यादी.’

यादी होती खरी. पहिल्या दीड ओळीत. वांगी पाव किलो, आलं, कोथिंबीर, लिंबं. पण जन्मभर भूमी अभिलेखमध्ये जुने कागद उलगडलेला माणूस दीड ओळीवर थांबेल? ते असो. त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलंय.

नवल म्हणजे झोप त्याने उडालीच नाही. झोप उडवली ती ‘ओळ चढते’ने. भांडी लावताना, बसमध्ये, दुपारी फाईलवर शिक्का मारताना, एकच. ओळ चढते. ऐंशी पार केलेला माणूस, मोतीबिंदूचा डोळा, फोनवर दोन बोटांनी फोटो मोठा करून बघतो आणि त्याला काय दिसतं, तर ओळ चढते. आणि ‘बाकी बरे’. चांगलं नव्हे, बरे.

खरं तर मला काय त्याचं? ही वही कोणासाठी नाहीच. हे मीच सगळ्यांना ऐकवत आलेय. मग बोचतंय ते कुठे?

मोडीत आधी रेघ येते. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका दमात, पट्टी न लावता. मग अक्षरं तिला खालून टांगायची. अक्षराचं शेपूट वळून परत रेघेशी येतं आणि पुढचं अक्षर तिथूनच निघतं, हात उचलायचं काम नाही. शब्द सुटे करायचे नाहीत. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. वेलांटी एकच, उकार एकच. माझ्या टिपणीतल्या ह्रस्व-दीर्घांना इतकी वर्षं लाल गोल झाले, त्या बाईला ही केवढी सुटका! बोरूने लिहायला घेतलं की कागदावर जी बारीक कुरकुर होते ती ऐकायलासुद्धा मी बसते. रोज कट निबेचं पेन, रविवारी बोरू. बोरू तासताना ब्लेड लागून अंगठ्याला कायमचा एक चर पडलाय. हे सगळं लिहिताना आत्ता बरं वाटतंय. म्हणजे लिहिणं बिघडलेलं नाही. बिघडलंय ते दुसरंच काहीतरी.

दिवसभर मी लिहितेच की. ‘मा. साहेबांच्या मान्यतेस्तव सविनय सादर.’ नोकरी लागल्यापासून माझ्या हातचा एक कागद असा गेला नाही जो कोणाला तरी सादर नव्हता. वर जातो, शेरा येतो, खाली येतो, पुन्हा वर जातो. घरीही तेच. भाजीत मीठ बरोबर आहे का ते ह्यांच्या चेहऱ्यावर वाचायचं. ही वही तेवढी कुठे सादर होत नव्हती. भाजीची यादी, पावसाचं काय, कोणाचा फोन आला, कोणाचा घेतला नाही. वाचण्यासारखं काही नाही आणि वाचायला कोणी नाही. मला ते फार आवडायचं. आणि अण्णांनी फोनवरून, तिकडे बसल्या बसल्या, शेरा मारून फाईल परत केली.

आपल्याकडे काही नुसतं करूच देत नाहीत का? मला मोजायलाच बसायचं तर सगळं आयुष्य त्यातच निघेल. चित्रं काढायचे तर एलिमेंटरीला बसवलं, मग इंटरमिजिएट. त्यात सी आला आणि रंगपेटी चुलतबहिणीकडे गेली. गाणं शिकायला घातलं तर क्लासच्या बाईंचा पहिला प्रश्न, गांधर्वच्या परीक्षेला बसणार ना? प्रवेशिका पूर्णपर्यंत ताना आणि आलाप पाठ केले. भूप आवडतो हे मला परीक्षा सुटल्यावर कळलं. रांगोळीला नंबर, भजनाला स्पर्धा, हळदीकुंकवात पाककृतीला पहिलं-दुसरं-तिसरं, आणि उत्तेजनार्थ. मला कायम उत्तेजनार्थ. स्टीलचं वाटीएवढं भांडं. घरात अशी भांडी आहेत, त्यात मी मोहरी ठेवते.

आणि परीक्षा नसली तर उपयोग विचारतात. आजीला शाळेत मोडी होती, तिच्या काळी शाळेत शिकवायचे, तिला कोणी विचारलं नाही याचं पुढे काय. मला सगळ्यांनी विचारलं. पुराभिलेख खात्याच्या मोडीच्या वर्गात मी नाव घातलं तेव्हा ह्यांनी विचारलं, प्रमोशनला धरतात का? नाही म्हटल्यावर पेपर वर घेतला.

मग 2023 उजाडलं. न्यायमूर्ती शिंदे समिती आली, कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली, आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. ऑफिसात ज्यांनी माझ्या वहीला गिचमिड म्हटलं होतं तेच ‘मॅडम, तुम्हाला येतं ना?’ करत आले. गेले मी. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली पानं, कडा झडलेल्या, शाई फुटलेली, आणि समोर माणसं उभी. एक आजोबा तर माझ्या ओठांकडे बघत होते. ते अक्षर कुणबीचं ‘कु’ आहे की नाही हे मी सांगायचं. मला घाम फुटला. जे मला येत नाही ते येतं म्हणणं शक्य नव्हतं आणि जे मला दिसत होतं ते छातीठोकपणे सांगायला मी तज्ज्ञ नव्हते. तज्ज्ञांकडे द्या म्हणून हात जोडले आणि परत आले. फार मोलाचं काम आहे ते, करणाऱ्यांना माझा दंडवत. पण त्या दिवशी घरी येऊन मी पानभर नुसते ‘क’ काढले. काही अर्थ नसलेले, कोणाचं काही अडलेलं नसलेले ‘क’. तेव्हा कुठे हात थाऱ्यावर आला.

(हे कोणाला सांगितलं तर वाटेल बाईला वेड लागलंय. म्हणून सांगत नाही.)

तर मुद्दा काय, मला बघणारं कोणी नकोय. असं मी म्हणते. मग अण्णांनी ‘सुरेख’ लिहिलं असतं तर? तर मी तो मेसेज तारांकित करून ठेवला असता. हे मला पक्कं माहीत आहे. टाळ्या आणि फुलं पाठवणाऱ्यांचं काही वाटलं नाही कारण त्यांना कळत नाही. ज्या एका माणसाला कळतं त्याने ‘बरे’ म्हटलं, आणि माझा सगळा स्वान्तःसुखाय कारभार एका रात्रीत उठला. सुख एवढं तकलादू होतं का? का ते तसं नव्हतंच, आणि मी आतल्या आत कोणाची तरी वाट बघत होते? छे. वाट बघत असते तर वन्संबद्दल लिहिलं असतं का!

बुधवार, सकाळी लवकर

रात्री अपील दाखल केलं. म्हणजे वर्गात मिळालेल्या झेरॉक्स काढून बसले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या प्रती आहेत त्या. तिथे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत आणि त्यातला बराचसा ऐवज लढायांचा नाही, हिशेबाचा आहे. किती दाणा आला, कोणाला किती दिला. मला असा एखादा कारकून हवा होता ज्याची ओळ चढते. मिळाला. डावीकडे नीट सुरुवात, मध्यापर्यंत शिस्त, आणि उजव्या कडेला पोचेपर्यंत स्वारी चक्क वर. शेवटचे दोन शब्द मावले नाहीत म्हणून समासात कोंबलेले. वा, म्हटलं. झालं काम.

पण मग पुढची प्रत बघितली. त्या माणसाची ओळ! पानभर एकसुद्धा रेघ हललेली नाही, अक्षरं सगळी एका उंचीची, आणि तरी वेग असा की अजून पळतायत. हाही पगारी माणूसच. वरच्याच्या धाकाने लिहिणारा, उद्या हिशेब तपासला जाईल म्हणून लिहिणारा. त्याने असं कोणासाठी लिहिलं असेल? जमेच्या बाजूला गहू लिहायला इतकं देखणं अक्षर लागत नाही. मी बराच वेळ त्या ‘गहू’कडे बघत बसले. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू.

तिकडे तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग आहेत म्हणतात. तिथल्यांच्या ओळीही कधी काळी चढल्याच असतील, पण तिथे अण्णा पोचलेले नाहीत.

मग माझी वही पहिल्यापासून चाळली. चढते. सगळीकडे चढते. उन्हाळ्यात चढते, पावसात चढते, सासूबाईंच्या आजारपणात तर एवढी चढलीय की पान तिरपं धरून वाचावं लागतं. पट्टी घेऊन एक पान आखलं. रेघ सरळ आली आणि खाली टांगलेली अक्षरं इतकी शहाण्यासारखी बसली की मला ऑफिसची आठवण झाली. फाडून टाकलं ते.

फाडताना हसू आलं. म्हणजे अडचण एवढीच आहे तर. पट्टी लावायची नाही, चढू द्यायचं नाही, कोणी बघायचं नाही, आणि बघितलं तर सुरेख म्हणायचं. साहेबसुद्धा एवढ्या अटी घालत नाहीत.

एक सांगते, अण्णांचं म्हणणं खरं असल्यामुळे त्याचा राग टिकत नाही. खोटं असतं तर वर्षभर पुरला असता. शिवाय माणसाने पान पूर्ण वाचलंय. ओळ चढते हे दीड ओळीवरून कळत नाही, त्याला निदान सात-आठ ओळी लागतात. याचा अर्थ काय होतो तो मी आत्ता इथे लिहीत नाही. पण पुढच्या वेळी तिकडे गेले की अण्णांसाठी ते त्यांचे कडक बुंदीचे लाडू नेणार आहे. काही बोलायचं नाही, डबा ठेवायचा.

आज चहा व्हायच्या आत अर्धं पान लिहिलं. उजव्या कडेला पोचताना हात किंचित दबकतो, हे कळतं. दबकू दे. तिसऱ्या ओळीला विसरला. वांग्यांना कीड होती हे लिहिलं, भाजीवाल्याला काय बोलले ते लिहिलं, आणि बाकीचंही लिहिलं. वही आता ओट्याजवळ ठेवत नाही, तांदळाच्या डब्यामागे असते.

बुधवार, रात्री

संध्याकाळी वन्संचा फोन. घेतला. मुलीच्या लग्नाची पत्रिका मोडीत हवी आहे, ‘तुझ्याच हातची, किती वेगळं दिसेल!’ मी म्हटलं, वन्सं, माझी ओळ चढते, अण्णांनीच सांगितलंय ना सगळ्यांसमोर, शुभकार्यात कशाला? त्या म्हणाल्या, मग कॉम्प्युटरवर होतं का बघ. होतं की! 2014 पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, फॉन्ट मिळतो. हाताच्या मोडीसारखी ती धावत नाही, पण पत्रिकेला कुठे धावायचंय? चिनूला बसवलं, तासाभरात त्याने करून पाठवली. वन्सं खूश. ग्रुपवर टाळ्या, फुलं.

अण्णांचं अजून काही आलेलं नाही. मी मधूनमधून बघतेय.