कॉनट्रॅक टेबल कोण भरत होते, आणि नव्या राउटरचा बदललेला बेत

मागील नोंदीत ओएनटी (फायबर घरात आणणारी कंपनीची पेटी) ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे तिला निव्वळ पुलासारखी ठेवून, पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून जोडणी घेण्याची पद्धत) स्वतःच्या राउटरवर घेतल्याचे लिहिले होते. त्यानंतरही रात्रीचा इंटरनेटचा खोळंबा कायम राहिला. त्याचे कारण आता हाती लागले आहे. लक्षण विचित्र होते: चालू असलेला व्हिडिओ कॉल सुरळीत चाले, आधीपासून सुरू ठेवलेला पिंगही उत्तर देत राही, आणि त्याच वेळी एकही नवे पान उघडत नसे. एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याची सोय) राउटरच्या आत शिरून कर्नल लॉग, म्हणजे त्यातील लिनक्सच्या गाभ्याची नोंदवही पाहिली, तेव्हा कॉनट्रॅक टेबल (चालू कनेक्शनांची राउटर ठेवतो ती यादी) भरल्यामुळे पॅकेट टाकून दिल्याच्या ओळींची रांग दिसली. कमाल मर्यादा ४,०९६ आणि मोजणीही तेवढीच.

मर्यादा तुटपुंजी आहे हे खरे, परंतु घरातील मोजक्या उपकरणांनी ती भरावी हे पटत नव्हते. टेबल भरले की लिनक्स कर्नल आधी उत्तर न मिळालेल्या नोंदी काढून जागा करू पाहतो, त्यामुळे टॉरेंटच्या डीएचटी चौकशांवर (इतर संगणक शोधणारे, बऱ्याचदा अनुत्तरित राहणारे संदेश) खापर फोडून भागणार नव्हते. यादी चाळल्यावर बहुतेक ओळी ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे दोन्ही बाजूंनी जुळलेल्या टीसीपी कनेक्शनांच्या निघाल्या, आणि त्यांतील कित्येक पीअर (पलीकडचे संगणक) केव्हाच बेपत्ता झालेले होते. अशा नोंदीसाठी कर्नलची मूळ मुदत ४,३२,००० सेकंद, म्हणजे तब्बल ५ दिवस असते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली तीच ७,४४० सेकंदांवर ठेवते. २००८ च्या आरएफसी ५३८२ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने सांगितलेली २ तास ४ मिनिटांची किमान मर्यादा ती हीच.

मुदत बदलली, तरी टेबल ओसरेना. नवी मुदत नोंदीला पुढचे पॅकेट मिळाल्यावरच लागू होते आणि मेलेल्या पीअरकडून पॅकेट येणारच नाही, म्हणून जुन्या नोंदी जुन्याच मुदतीवर चालत राहतात. रीबूट केल्यास त्या जातात, पण त्यासोबत नवी मुदतही जाते, कारण या फर्मवेअरला ती जपून ठेवता येत नाही. अखेर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरील क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी राउटरच्या आत शिरून ७,४४० लिहू लागला, आणि मोजणी मर्यादेच्या निम्म्याखाली स्थिरावलेली पाहताना जे समाधान लाभले, ते या छंदातील मंडळींनाच कळेल.

मर्यादाच वाढवावी असेही वाटले होते. एका नोंदीला सुमारे ३०० बाइट धरल्यास १६,३८४ नोंदींना जेमतेम ५ एमबी लागतात. तथापि ६४ एमबी रॅमच्या या यंत्रात तेवढेही मोकळे नसते.

त्यामुळे नवा राउटर घ्यायचाच आहे. खोक्यावर छापलेला उपकरणांचा आकडा वायफायचा असतो, सेशनचा (एकाच वेळच्या कनेक्शनांचा) नव्हे, आणि दुकानदार अँटेनांच्या पलीकडे बोलत नाहीत. वायफाय ६ चा राउटर जवळपास ठरला होता. परंतु हे लिहिता लिहिता वाटू लागले की, अडचण राउटिंगची असताना रेडिओसाठी पैसे का मोजावेत? मायक्रोटिकचा हेक्स आरबी७५०जीआर३ घ्यावा (२५६ एमबी रॅम, वायफाय नाही) आणि सध्याचा राउटर निव्वळ वायफाय पुरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून ठेवावा. राउटरओएस या मायक्रोटिकच्या प्रणालीची टीसीपी मुदत मुळात १ दिवसाची असते, मात्र ती बदलता येते व रीबूटनंतरही टिकते.

तरीही मागणी नोंदवण्यापूर्वी एक गोष्ट तपासायची आहे. माझा वॅन पत्ता (कंपनीने राउटरला दिलेला आयपी पत्ता) १००.६४.०.०/१० मधील, म्हणजे सीजीनॅटमागचा (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची कंपनीची व्यवस्था) आहे, आणि तेथे प्रत्येक ग्राहकाच्या पोर्टवर मर्यादा घातलेली असू शकते. या आठवड्यात लॅपटॉप थेट ओएनटीला जोडून तेथूनच पीपीपीओई करीन आणि किती कनेक्शननंतर नवी उघडेनाशी होतात, ते मोजीन. तो आकडा ४,०९६ च्या खाली निघाला, तर हेक्सचे पैसे तूर्त वाचतील आणि टॉरेंटची कनेक्शन मर्यादाच खाली आणावी लागेल.