खोली आहे, पण झोपायला कोण येतंय?

रविवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

दवाखान्याजवळ पेशंटच्या घरच्यांना राहायला म्हणून आम्ही ठेवलेल्या तीन खोल्या सणाला रिकाम्या राहतील असा अप्पांचा अंदाज होता. ज्याला म्हणून डिस्चार्ज मिळण्यासारखा असतो तो आखाजीच्या आत मागून घेतोच, आणि डॉक्टरही फार ताणत नाहीत. पण सकाळी आठच्या आत तिन्ही चाव्या गेल्या. तिसरी नेली साक्रीकडच्या मायलेकींनी. लेक सुरतच्या उधन्याला दिलेली. आखाजीला म्हणून माहेरी आली आणि बॅग उघडायच्या आत बापाला गाडीत घालून धुळ्याला आणायची वेळ आली. बाप माजी हवालदार. अर्धं अंग गेलंय, वाचाही गेलीय. आयसीयूत आहेत.

लेकीच्या हातावरची मेंदी अजून गडद होती. चावी घेताना तिने विचारलं, "भाडं किती ताई?" काही नाही म्हटल्यावर ती जरा बिचकलीच. फुकट म्हटलं की लोकांना आधी संशय येतो, आणि तो यावाच. दवाखान्याच्या आसपास फुकटात मदत करणारे सगळेच काही आमच्यासारखे नसतात. म्हणून मी लगेच नियम सांगून टाकते : जाताना खोली झाडायची, चादरी काढून गॅलरीतल्या टबात टाकायच्या, डब्यात काही टाकावंसं वाटलं तर टाका, नाही तर राहू द्या. काम सांगितलं की माणसं सैल होतात.

घरी येऊन घागर भरली, वर डांगर (खरबूज) आणि सांजोऱ्या ठेवल्या, नैवेद्य दाखवला. आमरस आणि पोळ्यांचा डबा घेऊन दुपारी परत गेले तर खोलीला कुलूप. गादीवरची चादर मी घातली होती तशीच, एक सुरकुती नाही. दोघी आयसीयूबाहेरच्या बाकावर. म्हातारी पदराने वारा घेत होती.

"खोलीवर जरा आडव्या व्हा ना आक्का."

"नही माय, मी आठेच बठस. डॉक्टर उना आनि मी नही ऱ्हायनू तं?" मी इथेच बसते, डॉक्टर आला आणि मी नसले तर, हीच धास्ती.

सोमवार

हे मला केव्हाचं लिहून ठेवायचं होतं.

आम्ही हे सुरू केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की प्रश्न जागेचा आहे. अप्पा निवृत्त सुभेदार, महार रेजिमेंटचे. त्यांच्या ओळखीचे चार-पाच माजी सैनिक पेन्शनमधून दरमहा थोडे थोडे काढतात. शिवाय गल्लीतला मेडिकलवाला, मी, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. बंद पडलेल्या बियाण्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या भाड्याने घेतल्या, गाद्या टाकल्या, दोन कूलर, एक गॅसची शेगडी. माझं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे चादरी आणि उशांचे अभ्रे माझ्याकडे. आता माणसं येतील आणि झोपतील, अशी आमची समजूत. माणसं आली, चाव्या घेतल्या, पिशव्या ठेवल्या, अंघोळी केल्या आणि परत बाकावर जाऊन बसली. रात्रीसुद्धा. खोलीत फक्त पिशव्या झोपायच्या.

मला आधी रागच यायचा. नंतर एकदा मीच कुणाची तरी सोबत म्हणून त्या बाकावर बसले तेव्हा कळलं. आतून मामा, म्हणजे वॉर्डबॉय, येतो आणि दारातून नाव पुकारतो, "अमक्याचे नातेवाईक!" एकदाच पुकारतो. कधी औषधाची चिठ्ठी असते, कधी रक्त आणायचं असतं, कधी नळी घालायची म्हणून सही हवी असते. पुकाराला उभं राहायला कोणी नसलं तर? आत काय होईल कोणाला ठाऊक. खेड्यातून आलेल्या माणसाला ती धास्ती झोपेपेक्षा मोठी असते. फोन करतील की, असं आपण म्हणतो. पण फोन लागतोच असं नाही, फॉर्मवर घाईत कोणाचा नंबर लिहिलाय हेही आठवत नसतं, आणि आक्कांच्या पिढीला फोनचा भरवसा नाहीच.

तेव्हा अप्पांनी पाळ्या लावल्या. दोन दोन तासांच्या, संतरी बदलतात तशा. रात्री दहा ते सकाळी सहा, चार माणसं. काम एवढंच की बाकावर त्या घरच्या माणसाच्या जागी बसायचं, नाव पुकारलं की उठायचं, काय म्हणतात ते ऐकायचं आणि खोलीवर फोन लावायचा. खोलीतलं माणूस चालत चार-पाच मिनिटांत पोचतं. सही आम्ही करत नाही, पैसे हातात घेत नाही, पेशंटच्या तब्येतीबद्दल स्वतःचं डोकं चालवून काही सांगत नाही. पाळीवाल्याकडे एक पुठ्ठा असतो. त्यावर पेशंटचं नाव, बेड नंबर, रक्तगट, कार्डाचा नंबर आणि घरच्या दोघांचे फोन.

आज रात्री दहाला अप्पा स्वतः गेले. आक्का हलायला तयार नव्हत्या. मी म्हणून पाहिलं, लेकीने म्हणून पाहिलं. अप्पा समोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आक्का, तुमची ड्यूटी संपली. आता माझी." आक्कांनी त्यांना पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, कोणती पलटण? अप्पा म्हणाले, महार. आक्का विचारात पडल्या.

"आमनं मराठा लाइट," म्हणाल्या. "तरी चाली जाई."

आणि उठल्या!

मंगळवार

सकाळी खोलीवर गेले. आक्का सहाच्या आधीच बाकावर हजर, पण रात्री झोपल्या होत्या, लेकीने सांगितलं. घोंगडीची घडी बघून मी तिथेच उभी राहिले. चौकोनी, कडेला कड, वर उशी, उशीवर टॉवेल, टॉवेलाची किनार बरोबर मध्यभागी. माझ्या दुकानातसुद्धा कापड असं ठेवलेलं नसतं. लेक हसली, "आईला सवय. अंबाल्याला क्वार्टरमध्ये होतो ना, बाबा इन्स्पेक्शन करायचे."

भाडं किती, असं तिने पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी भाऊ गावाहून आला तो दादर ज्वारीचं पीठ घेऊनच. आता तीन दिवस भाकरीची ददात नाही.

बुधवार

मेडिकलवाल्याने आज विचारलं, तुमच्याकडे कायम शिपाई, नाईक, हवालदार यांच्याच घरची माणसं कशी? सुभेदार नाही, कॅप्टन तर नाहीच.

कारण सरळ आहे. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, म्हणजे २००३ च्या एप्रिलपासून चालू झालेल्या ईसीएचएसमध्ये, वॉर्ड हुद्द्यावर ठरतो. हवालदारापर्यंत जनरल, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. प्रायव्हेट खोलीत सोबतच्या माणसाला टेकायला सोफा तरी असतो. जनरलमध्ये खाटेखालची फरशी. आणि आयसीयूला हुद्दाच नाही, तिथे सगळेच बाहेर. योजना पेशंटचं बघते आणि चांगलं बघते, हे मी स्वतः पाहिलंय. कार्ड असलं, योजनेच्या पॉलिक्लिनिकचा रेफरलचा कागद असला की यादीतल्या दवाखान्यात मोठमोठी ऑपरेशनं बिल हातात न पडता होतात. पण पेशंटबरोबर आलेली बायको रात्री कुठे पाठ टेकणार, हे त्या कागदावर नसतं.

सैनिकी विश्रामगृहं आहेत, स्वस्तही आहेत, आणि कोणी विचारलं तर आम्ही आधी तोच पत्ता देतो. पण अर्ध्या रात्री आयसीयूतून पुकारा झाला तर रिक्षा कुठून आणायची? आमच्या खोल्यांना रंग नाही, नळाला पाणी दिवसाआड. त्यांची किंमत फक्त त्या चार-पाच मिनिटांची.

दुपारी शिंदखेड्याकडची एक विधवा आली होती. मुक्काम नको होता, विचारायला आली होती. नवरा फौजेतून १९८८ साली सुटून आलेला, वारून बरीच वर्षं झाली. कार्ड कधी काढलंच नाही. "पैसे भरावे लागतात म्हणे," म्हणून. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ती वर्गणी माफ आहे, त्यांच्या विधवांनाही. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं कोणी तिला सांगितली नाही. अप्पांनी तिला बसवून कागदांची यादी लिहून दिली : पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, फौजेचं डिस्चार्ज बुक, फोटो. जाताना ती म्हणाली, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, मी पैसे जमवत होते.

गुरुवार

भाच्याचा व्हिडिओ कॉल आला होता. तो अमेरिकेत असतो. खोल्यांचं ऐकून म्हणाला, मावशी, इथे याची मोठी संस्था आहे, फिशर हाऊस. न्यूयॉर्कचे एक बिल्डर झॅकरी फिशर आणि त्यांची बायको एलिझाबेथ, यांनी १९९० मध्ये सुरू केलं. सैनिक आणि माजी सैनिकांच्या इस्पितळांजवळ घरं बांधून द्यायची आणि पेशंटच्या घरच्यांना फुकट राहू द्यायचं. त्याने फोटो पाठवले. गालिचे, दिवे, भिंतीवर चित्रं. माझ्या जाऊबाई बघून म्हणाल्या, "आपल्याकडे असं कधी होणार!"

मी गालिचे नाही बघितले. मी दोन गोष्टी विचारल्या. एक, घर दवाखान्यापासून किती लांब? तो म्हणाला, त्याच आवारात, चालत जाता येतं. म्हणजे त्यांनाही तेच कळलेलं दिसतं. दुसरं, स्वयंपाकघर एकच का? तर हो, सगळ्या कुटुंबांना मिळून एक. आमच्याकडेही एकच शेगडी आहे, पण ती गरिबीने. तरी खरं काम त्या शेगडीपाशीच होतं. काल रात्री आक्कांची लेक आणि नवापूरकडची एक बाई भाकऱ्या थापत होत्या. नवापूरच्या बाईचा सासरा महिनाभर अंथरुणाला, त्याला कूस कशी बदलायची, पाठीला फोड येऊ नये म्हणून काय करायचं, हे ती सांगत होती आणि लेक पीठ मळता मळता ऐकत होती. हे नर्सही सांगते, पण नर्सला दुसऱ्यांदा विचारायची भीड पडते.

शुक्रवार

आज डोकं फिरलं. कोणीतरी पुढारी येणार, फळवाटप करणार, फोटो काढणार, असा निरोप दुपारी आला. अप्पांनी थंडपणे सांगितलं, या, पण खोलीत कॅमेरा नको. तरी चार पोरं मोबाइल धरून जिन्यात. केळी वाटायला आले होते. खानदेशात केळी! सोबतचा एक जण आक्कांना म्हणतो, "आजी, इकडे बघा, जरा हात जोडा."

आक्कांनी हात जोडले नाहीत. केळं घेतलं, सोललं आणि त्याच्यासमोरच खाल्लं. एवढं पुरे झालं त्याला.

मदत करणाऱ्यांनी मदतीचे फोटो काढू नयेत, असं माझं मत पहिल्यापासून. पोरांना वाटतं की फोटो टाकले तर देणगी येईल. येईलही. पण नवरा आत नळ्यांमध्ये पडलेला असताना बाईचा विस्कटलेला चेहरा गावभर फिरवून आलेल्या पैशाने कूलर घ्यायचा असेल तर मी पंख्यावर भागवीन. अप्पा मध्यममार्गी. ते म्हणाले, खोलीचे फोटो टाका, माणसांचे नको. ठीक. माझ्या चादरी तरी दिसतील.

शनिवार

हवालदारांनी आज डावा हात हलवला. बोलणं अजून नाही. पुण्याला लष्कराच्या कमांड हॉस्पिटलला न्यायचं का यावर घरात खल चाललाय. तिकडे नेलं तर मुक्कामाचं पुन्हा पहिल्यापासून. अप्पांनी तिथल्या दोघा ओळखीच्यांना फोन लावून ठेवलेत. लेक परवा उधन्याला परत जाईल, तिच्या पोरांची शाळा नाही पण नवऱ्याची पाळी बदलतेय, घरी कोणी नाही. मग आक्का आणि भाऊ. भाऊ शेतीवाला, त्यालाही किती दिवस राहता येणार?

खोल्यांचं भाडं जूनपासून वाढवणार, असं घरमालक म्हणालेत. माणूस वाईट नाही, त्यालाही घरपट्टी भरायची असते. अप्पा सशस्त्र सेना ध्वजदिनाचं उदाहरण देतात. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला छातीला तो छोटा कागदी झेंडा लावून लोक डब्यात पैसे टाकतात, मग गल्लीला आपण वर्षातून एकदा का नाही मागायचं? मला गल्लीत डबा फिरवायला लाज नाही. पण पैशापेक्षा मला माणसं हवीत. पैसे देणारे दहा सापडतात, रात्री दोन ते चार बाकावर बसणारा एक सापडत नाही. जो बसतो तोही पहिल्या रात्री विचारतो, "नाव पुकारलं नाही तर मी नुसताच बसू का?" हो बाबा, नुसताच बस. तू बसलायस म्हणून पलीकडे कोणीतरी झोपलंय.

कूलरची एक जाळी बदलायची आहे, मधल्या खोलीत वास येतोय. दोन अभ्रे फाटलेत. उद्याच्या दोन ते चारच्या पाळीपुढे अजून नाव नाही. पोरांची मैदानी चाचणी झाली आहे, आता त्यांना कारण नाही. तरी कोणी नाही आलं तर मी जाईन, आणि घरच्यांनी कुरकुर केली तर त्यांनाही बरोबर घेऊन जाईन.