शकुन, शटर आणि कोंबड्या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. अप्पा बळवंत चौकाजवळ पत्रिका कंपोज करतो, तिथे हा प्रश्न ठरलेला: “इंग्रजीत इनॉग्युरेशन टाकलंय, मराठीत उद्घाटनच ना?”

हो, उद्घाटनच. फक्त ‘द’ला ‘घ’ जोडायचा, ‘ध’ नव्हे. कितीतरी फ्लेक्सवर ‘उद्धाटन’ दिसतं. माझ्याकडूनही एकदा पाचशे पत्रिका तशाच छापून गेल्या. गिऱ्हाईक काही बोललं नाही. त्यांच्या आजोबांनी मात्र लाल पेनने गोल करून एक प्रत मला परत पाठवली.

पण दोन्ही शब्दांचं गोत्र वेगळं. उद्घाटन म्हणजे उघडणं. आपलं ‘उघडणं’ त्याच घरातलं. शटर वर गेलं, फीत कापली, झालं. इनॉग्युरेशन मात्र आधी आभाळाकडे बघतं. रोममध्ये ऑगर नावाचे पुरोहित पक्ष्यांवरून देवांचा कौल सांगत. रोमन इतिहासकार लिवी लिहितो, नुमाला रोमचा राजा करण्याआधी ऑगरने त्याला दगडावर दक्षिणेकडे तोंड करून बसवलं, हातातल्या वाकड्या काठीने आभाळाचे भाग पाडले आणि मग शकुनाची वाट पाहिली. इनॉग्युरेट हे क्रियापद या विधीतलं. अमेरिकेच्या अध्यक्षाचंही इनॉग्युरेशनच होतं. तिथे उद्घाटन लिहिलं तर अध्यक्षालाच फीत बांधल्यासारखं वाटेल!

रोमन आरमाराबरोबर तर पिंजऱ्यात कोंबड्या असत. दाण्यांवर तुटून पडल्या की शकुन चांगला. इ.स.पूर्व २४९ मध्ये सिसिलीजवळ त्या खाईनात, तेव्हा सेनापती क्लॉडियस पुल्कर म्हणे, “खात नाहीत तर पिऊ देत,” आणि त्याने त्या समुद्रात फेकल्या. ड्रेपानाची ती लढाई तो सपाटून हरला.

आपण तरी कुठे वेगळे? संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे पक्षीसुद्धा. शकुंत पक्ष्यांनी सांभाळली म्हणून ती शकुंतला.

परवा मिसळीच्या दुकानाची पत्रिका द्यायला एकजण आले. म्हणाले, “टेकडीवर सकाळीच भारद्वाज दिसला. लालभडक डोळे, तांबूस पंख, अगदी समोर. त्याच दिवशी जागेची बोलणी पक्की केली.” मी म्हटलं, साहेब, इनॉग्युरेशन तेव्हाच झालं तुमचं, आता राहिलंय ते उद्घाटन. ते हसले आणि विचारलं, “मग पत्रिकेत काय टाकताय?”

उद्घाटनच टाकलं. ‘द्घ’ दोनदा तपासून.